तिसरी शंकरपाळी

गाठोड्यातून तिसरी शंकरपाळी निघाली, तेव्हा सकुबाईने आधी दाराला कडी घातली.

मग गोधडीचे सगळे चौकोन जमिनीवर पुन्हा मांडले.

कणीस. आईचं.
करवत. थोरल्या जावेची.
माशाचा काटा. खर्डीच्या बाईजाने बाजारात बसल्या बसल्या दाखवलेला.
शंकरपाळी. तिरप्या ओळींत तिरप्या ओळी. सासूची.
शंकरपाळी.
शंकरपाळी.

ज्या बाईकडून टाका शिकली, तिच्या नावाचा एक चौकोन. एक नमुना एकदाच. हा नियम सकुबाईचा स्वतःचा. लेकाच्या, अनिलच्या लग्नाआधी शिवायला धरलेली ही गोधडी. आता शेवटचे चौकोन राहिले होते, ते संपवावेत म्हणून तिने गाठोडं सोडलं आणि

आणि हे दोन कधी शिवले, ते तिला आठवेना.

शिवले तर तिनेच. गाठ डाव्या कोपऱ्यात. ओळ डावीकडून निघून उजवीकडे गेलेली. अख्ख्या गावात डाव्या हाताने शिवणारी ती एकटी.

भात.

माहेरी, वैशाखऱ्याला तिच्या आईने, लहानीने, एका दुपारी तीनदा भात रांधला होता. तीनदा ताटं मांडली. तीनदा हाक मारली. पोरं हसली. पुढे लहानी घाटाच्या रस्त्याला चालत सुटायची, भेटेल त्याला स्वतःचं घर विचारायची. मग भावाने खोलीला बाहेरून कडी बसवली. आतून आवाज यायचा, "सके, दार कोनी लोटलं गो?"

सकुबाईने चुलीत फुंकर मारली. दोन जाळले की एक उरतो. एक उरला की बाई शहाणी.

"आई? कडी का घातलीय?"

स्नेहल. सून. आज तिला कंपनीला सुट्टी होती, हेही सकुबाईच्या ध्यानात नव्हतं. की होतं? हे विसरणं कालचं, की

दारावरची थाप थांबली. सकुबाईने चौकोनाचा कोपरा जाळाला लावला. कापड करपल्याचा वास सुटला, आणि न्हाणीकडच्या दाराने स्नेहल आत घुसली. तिने चौकोन हिसकावला, जमिनीवर आपटून विझवला.

"जाळताय काय! माझे हायत ते!"

"तुजे?"

"मी शिवलेत. दोन्ही. तुमच्या गाठोड्यात सरकवले. म्हटलं, बघू वळखताय का. तुमी मला सुईला हात लावू देत नाय, मग काय करू? मला एवढा एकच नमुना येतो."

सकुबाईने सुनेकडे पाहिलं. किती चटकन बोलली. किती मायेने. लहानीशीही सगळे असेच बोलायचे. 'तू नाय गो, भात मीच टाकला दुसऱ्यांदा.' कडी बसायच्या आधी.

"अनिलला सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"किती दिवस झाले तुमाला कळून?"

"आई, काय कळून?"

"खोटं नको बोलू गो माज्याशी. साधा बटन लावता येत नाय तुला, नवऱ्याच्या शर्टाला पिन मारून धाडतेस. हा डाव्या हाताचा टाका हाय. तू जेवतेस उजव्या. लिवतेस उजव्या. त्या मोबाइलवर बोट फिरवतेस ते बी उजव्या."

करपलेल्या कोपऱ्यावरून स्नेहलने अंगठा फिरवला.

सकुबाईने दोरा ओवलेली सुई तिच्यापुढे धरली.

"शिव. माज्यासमोर."

आता ती रडेल. रडली की संपलं, मग सगळं खरं. सकुबाईने डोळे मिटून घ्यायचं ठरवलं. मिटता आले नाहीत.

स्नेहल शेजारी येऊन बसली. रोज संध्याकाळी सकुबाई शिवायची तेव्हा मोबाइल घेऊन बसायची तशीच, सासूच्या खांद्याला खांदा लावून. तिने कोरं कापड मांडीवर पसरलं, दोऱ्याला गाठ मारली आणि सुई धरायला माणसाला दुसरा हातच नसतो अशा सहजपणे डाव्या हाताने भराभर टाके घालू लागली.