लुकलुकणारं बटण

धावडा गावातल्या वरातीत बँडची गाणी लावणाऱ्या कल्याणने दुसऱ्यांदा भलतंच बटण दाबून गाणं बंद पाडलं. “किती ढोसली रे? पुन्हा चुकला तर घरी बस,” बँडमास्तर म्हणाला. कल्याण दारूला शिवतही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या बहिणीने, तृप्तीने, त्याचा बटणांचा पॅड लॅपटॉपला जोडला आणि बटणांच्या दिव्यांना जाणारे संदेश बदलून देणारा प्रोग्रॅम मध्ये बसवला. थांबलेल्या गाण्याचं बटण आधी लाल उजळायचं, वाजणाऱ्याचं हिरवं. आता वाजणाऱ्याचं लुकलुकू लागलं. “दादा, दाबून बघ.” त्याने वीस वेळा दाबलं. एकदाही चुकलं नाही. “माझ्या डोळ्यांचं तुला कव्हा कळलं गं?” त्याने मान न उचलता विचारलं. “कॉलेजात, डोळ्यांचा धडा शिकताना. मिरच्या आठवल्या. लाल तोडायला सांगितल्या, की तू हिरव्या बी आणायचा.” “मंग बोलली का न्हाई?” तृप्ती लुकलुकणाऱ्या बटणाकडे बघत राहिली. “मिरच्यांवरून तुला सगळ्यांत जास्त मीच हसायचे.”