मेथीच्या वाफ्यातलं मीठ

"कीड नाही, बुरशीही नाही." दत्तात्रेयकाकांनी मेथीचं पान उन्हाला धरलं. मधे हिरवं, कडा मात्र करपलेल्या, निखाऱ्यावरून ओढल्यासारख्या. वाफ्यातली चिमूटभर माती त्यांनी बोटांत चोळली. मातीवर पांढुरकी साय धरली होती. "उप्पु, मेधा. मीठ. कुणीतरी इथं मिठाचं पाणी ओततंय."

काका शेतकी कॉलेजात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, मळमड्डीतले भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. पानं ओळखण्यात त्यांची चूक होत नसे.

"मग औषध काय घालू?"

"औषध कसलं? गोडं पाणी. चार दिवस भरपूर सोड, मीठ खाली झिरपून जाईल. पण तो अर्धाच उपाय झाला बघ. ओतणारा हात आधी थांबव."

तो हात कुणाचा, हे विचारायला नको होतं. नवरा मुकुल दिवसभर हुबळीच्या दुकानात. घरी राहायच्या दोघीच, मेधा आणि तिच्या सासूबाई, वेणूबाई. मेधा त्यांना अत्या म्हणायची.

वेणूबाईंनी आठ महिन्यांत सुनेकडं एकदाही डोळे वर करून पाहिलं नव्हतं. बाळ गेलं तेव्हापासून. एकवीस दिवसांचं होतं. जेवायला वाढायच्या ते खाली मान घालून, निरोप सांगायच्या तो भिंतीला. दोष आपल्यालाच लावतात, असं मेधा समजून चुकली होती. बाळानंतर तिनं हातानं वाढवावं असं एवढंच होतं, चार हात मेथी. तिसऱ्यांदा पेरलेली. तीही जळत होती.

दुपारी तिनं बॅग भरली. सकाळच्या गाडीनं बेळगावला, माहेरी. परत यायचं नाही.

शनिवार होता. दिवेलागणीला मधल्या खोलीतून आवाज आला. कुर्र, कुर्र. पाळण्याच्या कड्यांचा. आठ महिने त्या खोलीत पाऊल टाकायचा तिला धीर झाला नव्हता. दर शनिवारी हा आवाज यायचा आणि ती कानांवर हात दाबून बसायची. डोकं फिरलंय आपलं, हे सांगायचं तरी कुणाला? आज मात्र तिनं उठून दार लोटलं.

पाळण्यापाशी वेणूबाई उभ्या होत्या. पाळण्यात नुसती कुंची. त्यांनीच आपल्या इरकली लुगड्याची शिवलेली. मूठभर मीठ त्या कुंचीवरून उतरवत होत्या आणि दुसऱ्या हातानं पाळणा हलवत होत्या, आत कुणी जागं होऊ नये इतका हळू. "आल्याची, गेल्याची, उंबऱ्याबाहेरच्याची, उंबऱ्याआतल्याची…"

मीठ त्यांनी तांब्यातल्या पाण्यात सोडलं. मेधाच्या बाजूनं परसात गेल्या. उतरवलेल्या मिठावर कुणाचा पाय पडू नये. परसात पाय न पडणारी जागा एकच, मेथीचा वाफा. तोंड फिरवूनच ओतायचं, मागं वळून बघायचं नाही. जळलेली पानं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

मेधा धावत गेली. तांब्याला हात घातला.

"अत्या, बाळ नाही हो आता! कुणाची दृष्ट काढताय?"

तांब्या दोघींच्या हातांत कलंडला. थोडं पाणी दोघींच्या पायांवर सांडलं.

"माझी," वेणूबाई म्हणाल्या. "बारशाला कुंची घातली त्याला, आणि मीच म्हटलं, अगं बाई, माझीच दृष्ट लागेल याला. त्यानंतर नवव्या दिवशी गेलं ते."

अजूनही त्यांची नजर खाली मातीवरच होती.

"म्हणून तुझ्याकडं बघत नाही गं. तू तरी राहा."