पेनड्राइव्हची हजेरी
सकाळी दूध उतू जायला आले तरी तिची नजर संगणकावरून हलेना. संगणकाची प्रणाली कोलमडली होती आणि आत अडकलेला चार वर्षांचा प्रबंध आजच विद्यापीठाला पाठवायचा होता. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू झाला असता. पण संगणक कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या बूट मॅनेजरच्या यादीत पेनड्राइव्ह दिसेना. “ताई, हट्ट सोड. सगळं पुसून टाकू,” भाऊ म्हणाला. “आधी तुझं तोंड पूस!” ती खेकसली. शाळेत शिकवणारी आई गॅस बंद करून मागे उभी राहिली. “अगं, यादी आधी येतेय, पेनड्राइव्हचा दिवा नंतर लागतोय. पोरगं वर्गात यायच्या आत हजेरी उरकली, तर गैरहजेरीच लागणार!” दिवा लागल्यावर लेकीने एस्केपची कळ दाबून यादी नव्याने मागवली. पेनड्राइव्ह पहिल्याच ओळीत! “हजर!” मायलेकी एकदमच ओरडल्या. प्रबंध सहीसलामत निघाला. मुदतवाढ मागणारा तयार मेल तिने उडवला आणि प्रबंध पाठवून दिला.