सरकारी सायकल

चऱ्होलीच्या पोलीस पाटलानं कुणाच्या तरी उसात गांजाची झाडं पकडली, म्हणून सरकारनं त्याला नवी कोरी सायकल दिली. त्याची बायको पुतळा ही ठकुबाईची धाकटी बहीण. ती त्या सायकलवर मागं बसून चाकणच्या बाजारात मिरवली, तेव्हापासून ठकुबाईच्या अंगाची नुसती आग होत होती. तिचा नवराही शेजारच्या गावचा पोलीस पाटीलच, पण बारा वर्षांत त्यानं साधी एक चिलीम पकडली नव्हती.

यंदाची सायकल कुणाला द्यायची ते ठरवायला फौजदार तिच्या ओसरीवर आले.

"साहेब, आमच्या गावात गांजाचं पानसुदीक सापडायचं न्हाई," पाटील छाती काढून म्हणाले.

"मग तुम्हाला सायकल कशाला?" असं म्हणून फौजदार उठलेच.

ठकुबाईला राहवेना. पदर सावरत ती तरातरा दारात आली.

"थांबा साहेब! पुतळीच्या नवऱ्यानं धरलेली झाडं गुडघ्याएवढी व्हती. आमच्या घरच्यांनी परसात लावलेली बघा चला, कौलाला टेकल्यात!"