एकटं सोडायचं नाही

आठ महिने नंबर लावून आईने ती दुर्मिळ जातीची मांजरी आणली. पूर्ण वाढूनही जेमतेम दोन किलोंची, पण लाडिकपणा मात्र दहा किलोंचा. लेक आईला न्यायला आली, तर महाराणी आईच्या मांडीवर पसरलेल्या आणि आई मऊ ब्रशने त्यांची पाठ विंचरतेय. लेकीच्या पोटात दुखायला लागलं.

"चल आई, दोन दिवस माझ्याकडे राहायला."

"छे गं! हिला एकटं सोडायचं नाही. जीव घाबरा होतो तिचा. देणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलंय."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळिशी उलटली, तरी लहानपणी गळ्यात अडकवलेली घराची किल्ली तिला अजून टोचायची. आई हॉस्पिटलात ड्युटीला जायची, आणि सहा वर्षांची ती खिडकीत गप्प बसून राहायची. शहाण्या मुली रडत नाहीत म्हणून.

"मला बरी सोडायचीस एकटीला! माझ्या वेळी कुणी बजावलं नव्हतं वाटतं?"

आईच्या हातातला ब्रश थांबला.

"कोपऱ्यावरच्या दुकानाआड उभी राहायचे मी रोज, तुझ्या खिडकीकडे बघत. तू रडलीस की ड्युटी गेली खड्ड्यात, सरळ माघारी फिरायचं, असं ठरवून."

तिने मांजरीच्या कानामागे हलकेच खाजवलं.

"ही मेली निदान ओरडते तरी. तू एकदाही रडली नाहीस गं."