भारोभार

तराजूचं पारडं काही केल्या जमीन सोडेना.

देवीच्या देवळासमोरच्या लिंबाला भावकीतल्या तोताराम नानांनी धान्याचा मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात नवा सदरा घातलेला आठ वर्षांचा भावेश मांडी घालून बसला होता, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. घरून आणलेल्या ढेपा एकेक करून चढवल्या, तरी भावेश आपला खालीच.

"आखो एक ढेप लई ये रे भाऊ!" नाना ओरडले. "हाऊ पोऱ्या शे का कापूसनी गठडी!"

जमलेले भाऊबंद खो खो हसले. भावेशही हसला. मग सगळे आपल्यालाच हसताहेत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं सदरा पोटावरून खाली ओढला. त्याची आई दिपमाला पूजेचं ताट धरून बाजूला उभी होती. सदरा ओढणारा तो हात तिनं पाहिला, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हासू नका रे! मना नातूले नजर लागी जाई," तिची सासू भागाबाई डाफरली. तिला मात्र नातवाचा कोण अभिमान!

अभिमान सकाळपर्यंत दिपमालालाही होता. दिवस भरायच्या आत झालेलं हे पोर तळहातावर मावायचं. जगलं तर त्याच्या भारोभार गूळ वाटीन, असं ती देवीला बोलली होती. यंदा नवस फेडायचं ठरलं, तेव्हा जाऊबाई सहज म्हणाली, "पारड्यात पोरगं काडीसारखं दिसलं, तर देवीला काय वाटेल?" एवढंच बोलली ती, पण दिपमालाच्या डोक्यात ते घर करून बसलं. मग काय, एक घास गिळला की दुसरा तयार. तूप-साखरेची पोळी, शेव, दुकानातली चटकदार पुडकी. तोंड मिटलं की समोर मोबाईल. संध्याकाळी नरडाण्याच्या त्यांच्या गल्लीतली पोरं क्रिकेटला हाका मारायची, तर ही त्यांना दारातूनच परतवून लावायची. "पळालास की खाल्लेलं सगळं जिरून जातं. नवस होऊ दे, मग खेळ." पोर गुणाचं. ऐकायचं.

"बठ्ठा गूळ सरना," रिकामं पोतं झटकत नाना म्हणाले. भावेशचे वडील, हितेंद्र, मोटरसायकलला किक मारून दुकानाकडे पळाले. लोक पारावर गप्पा मारत बसले. भावेश पारड्यातच होता. थोड्या वेळानं त्यानं दोन्ही बाजूंच्या साखळ्या घट्ट पकडल्या आणि दात आवळून अंग वर ओढून धरलं.

दिपमाला जवळ गेली. "काय करतोस रे?"

"हलका होतोय, मम्मी," तो हळूच म्हणाला. "पप्पांना परत जावं लागणार नाही."

तिला त्याच्याकडे बघवेना. ताटातलं निरांजन विझलं होतं, तेच ती पुन्हा पुन्हा सारखं करत राहिली.

हितेंद्रनं आणलेल्या ढेपा चढल्या आणि पारडी एकदाची बरोबर झाली. घंटा वाजली, नारळ फुटला. नानांनी हात देऊन भावेशला खाली उतरवलं. तो थेट आईकडे आला.

"मम्मी, नवस फिटला ना?"

"फिटला."

"मग आता खेळू?"

दिपमालानं होकारार्थी मान हलवली. देवळामागं चुलत भावंडांची पकडापकडी चालली होती, तिकडे तो हात पसरून धावत सुटला.

बाया ओट्यावर बसून प्रसादासाठी गूळ फोडू लागल्या. दिपमालाही त्यांच्यात जाऊन बसली. भावेशचा देवळाला अर्धा वळसाही झाला नसेल. तो कमरेवर हात ठेवून परत येताना दिसला. चेहरा लालभडक, सदरा घामानं भिजलेला. पोरं कधीच पुढं निघून गेली होती, त्यांचा आरडाओरडा लांबून ऐकू येत होता.

तो ओट्याची एक पायरी चढला आणि आईला टेकून बसला. "ते फार जोरात पळतात," म्हणाला.

तिनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि सवयीनं तोंड उघडलं.

तिच्या दुसऱ्या हातातला गुळाचा खडा त्याच्या ओठांशी पोचलेलाच होता.