मोरीमागची केळ

सासूबाईंनी मोरीमागच्या रेताड जमिनीत हट्टानं केळ लावली होती. "रेतीत ओतलेलं पाणी आणि तुला सांगितलेलं काम, दोन्ही कुठं जातं कळत नाही," असा टोमणा त्या सुनेला मारायच्या आणि स्वतःच केळीला दिवसातून तीनदा पाणी घालायच्या.

मग त्या अंथरुणाला खिळल्या. दोन वर्षं सून कुरकुरत रोज त्यांच्या तीन-तीन चादरी धुवायची. मोरीचं सगळं पाणी केळीला जायचं. केळ छपराला टेकली.

"कसलं खत घालतेस गं?" शेजारीण विचारायची.

"माझ्या कंबरेचं," सून म्हणायची.

सासूबाई गेल्या, तेव्हा शेजारीण हळूच म्हणाली, "सुटलीस गं बाई." सुनेनंही मान डोलावली.

तीन आठवड्यांत केळीची पानं पिवळी पडली. नुकतंच बाहेर आलेलं केळफूल सुकायला लागलं. मोरी कोरडी ठणठणीत होती. सून बराच वेळ दारात उभी राहिली.



मग तिनं कपाटातली सासूबाईंची स्वच्छ, घडी घातलेली चादर काढली आणि धुवायला बसली.